एसएलआर, आमचे मामा आणि एक मिलिमीटर

पोस्ट लांबलीय, आधीच सांगतो. पोलिसांच्या बंदुकीबद्दल आहे, पण बंदुकीची हौस असणाऱ्यांसाठी नाही. वेळ असेल तर वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मागच्या एका मतमोजणीच्या आदल्या दिवशी स्ट्राँगरूमबाहेर उभ्या असलेल्या पोलिसाचा फोटो मी बातमीला लावला आणि खाली ओळ टाकली, 'अत्याधुनिक मशिनगनसह खडा पहारा'. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा फोन.

"आरं, ती मशिनगन नाय. एसएलआर हाय ती. आन् अत्याधुनिक कसली, माझ्याबरोबरीची म्हातारी हाय ती."

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. भिगवणच्या पुढं उजनीच्या फुगवट्याच्या कडेला त्यांचं गाव, इंदापूर तालुक्यात. पोलिस खात्यात आर्मोरर होते. म्हणजे बंदुका चालवणारा नव्हे, बंदुका नीट ठेवणारा माणूस. कोतात बसून आयुष्य गेलं. (कोत म्हणजे शस्त्रागार. खात्यात सगळे कोतच म्हणतात.) कुठल्या गटात होते ते लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. आमच्या भागात हे नवल नाही. दौंडला राज्य राखीव पोलिस बलाचे दोन गट, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे बारामती, दौंड, इंदापूर या पट्ट्यात घरटी नसला तरी गावटी एक खाकीवाला सापडतोच.

तर मशिनगनची दुरुस्ती मी छापली नाही. आपल्याकडं अशा दुरुस्त्या कोण छापतं? पण रविवारी मामांकडं गेलो. गेलो होतो माफी मागायला, आणि बसलो तीन तास.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण सुटलेल्या गोळीमागचा थोडा गॅस नळीतल्या छिद्रातून मागं वळतो, पिस्टनला ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस आपोआप जागेवर बसतं. मशिनगनसारखी सरसर चालत नाही, आणि जुन्या थ्री-नॉट-थ्रीसारखा दर गोळीला हातानं बोल्टही मागं ओढावा लागत नाही. मूळ बेल्जियमची एफएन एफएएल. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले, त्यानंतर हिची भारतीय आवृत्ती ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनायला लागली. ७.६२ मिलिमीटरची गोळी, वीस काडतुसांचं मॅगझिन, वजन साडेचार किलोच्या आसपास. १९७१ चं युद्ध हिच्यावर लढलं गेलं. नव्वदच्या दशकात लष्कराकडं इन्सास आली (ती तर आपल्या पुण्यातच, पाषाणच्या एआरडीईत जन्मली) आणि एसएलआर हळूहळू खाली उतरत पोलिसांकडं आली. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, तसं.

मी पत्रकारी आगाऊपणानं म्हणालो, "मग बदलायला नकोत का मामा या? सव्वीस-अकरानंतर तर..."

हे मी बोललो कारण मीही दरवर्षी सव्वीस नोव्हेंबरला तेच लिहीत आलोय. सीएसटी स्टेशनवर दोघं एके रायफली घेऊन आले आणि आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्री. पन्नासहून जास्त माणसं त्या एका स्टेशनवर गेली. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली, नंतर प्लॅस्टिकची खुर्ची फेकून मारली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी त्या खुर्चीवर आपण मथळा करतो आणि शेवटी 'पोलिसांना आधुनिक शस्त्रं द्या' असं लिहून मोकळे होतो. पुढं जी राम प्रधान समिती बसली तिनं सरावासाठी गोळ्या नसण्यावरही बोट ठेवलं होतं. ते मात्र मथळ्यात यायचं राहून जातं. माझ्याही.

मामा म्हणाले, "बंदूक बदलून नेम बदलतो व्हय? नवी दिली तरी ती बी कोतातच येणार ना?"

मग त्यांनी जत्रेची गोष्ट काढली. ती ऐकल्यापासून मला हा सगळा विषयच वेगळा दिसायला लागलाय.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते. आपण सगळ्यांनी मारलीय. पहिला छर्रा फुग्याच्या वर जातो, दुसराही वर जातो. मग आपण हुशार होतो, थोडं खाली धरतो आणि तिसऱ्याला फुगा फुटतो. बंदूकवाल्यानं माशी वाकवून ठेवलेली असते हे पोरासोरांना माहीत असतं. (माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उभा काटा, खात्यात फोरसाइट.) पण आपण जिंकतो कारण बंदूक तीच आहे. ती कशी चुकते ते आपल्याला कळलेलं आहे.

"आता असं समज," मामा म्हणाले, "की दर छऱ्याला तुला दुसरी बंदूक दिली. फोडशील फुगा?"

बंदोबस्ताला निघताना कोतातून जी मिळेल ती उचलायची. काल एक, आज दुसरी. मामांचं म्हणणं, त्यांच्या नोकरीत असं होताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं. प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर नंबर असतो, बट नंबर. नियम सोपा आहे, एक माणूस एक बट नंबर, आणि ती रायफल त्याच माणसाच्या डोळ्याला लावून झिरो केलेली. मनुष्यबळ, बदल्या, बंदोबस्त यात तो नियम कसा विरघळतो हे सांगताना मामा हसत होते. मला हसू आलं नाही.

झिरो करणं म्हणजे काय हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. निशाणी जिथं दिसते तिथंच गोळी लागावी म्हणून साइट जुळवणं, एवढंच. पण ते करायची रीत सुंदर आहे. आधी पाच गोळ्या मारायच्या, एकाच जागी शिस्त घेऊन. शिस्त म्हणजे नेम, कवायतीतला शब्द. कागदावर पाच भोकं पडतात. ती कुठं पडली हे आधी बघायचंच नाही. एकमेकांच्या किती जवळ पडली ते बघायचं. याला ग्रुप म्हणतात.

पाचही भोकं मुठीएवढ्या जागेत आली पण मधोमध नाही, वर डावीकडं आली, तर आनंद मानायचा. माणूस बरोबर आहे, बंदूक बरोबर आहे, फक्त साइट चुकीची आहे. एसएलआरला पुढची माशी फिरवून गोळी वर-खाली आणता येते, मागची साइट बाजूच्या स्क्रूनं सरकवून डावी-उजवीकडं. दहा मिनिटांचं काम. पण भोकं परातीएवढ्या जागेत विखुरली असतील तर साइटला हात लावायचा नाही. मग शोधायचं, दोष माणसात आहे की बंदुकीत की काडतुसात.

"आन् ह्ये शोधायला कुणाकडं येळ नसतो," मामा म्हणाले. "विखुरलेल्या ग्रुपवर बी माशी फिरवत्यात. म्हणजे ताप बघायचा सोडून थर्मामीटर फिरवायचा."

एवढ्यात शेजारचे एक गृहस्थ येऊन बसले. वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. तिथल्या लोकांना शतांश मिलिमीटरची भाषा आईच्या दुधातून येते, अंतराळयानाच्या रॉकेटचे भाग जिथं बनतात ते गाव. त्यांनी बरोबर मुद्द्याला हात घातला. "मागची साइट कशावर बसवलीय? नळीवर?"

मामांनी माझ्याच पेपरच्या मागच्या कोऱ्या जागेवर, माझ्याच पेनानं चित्र काढलं. एसएलआर मधून बिजागरीवर उघडते, जुन्या दुनळीसारखी. पुढची माशी वरच्या भागावर, नळीच्या बाजूला. मागची साइट खालच्या भागावर, जिथं घोडा आणि दस्ता आहे. म्हणजे ज्या दोन टोकांतून आपण बघतो ती दोन वेगवेगळ्या तुकड्यांवर आहेत, आणि ते तुकडे एका बिजागरीनं आणि एका खिट्टीनं जोडलेले. नवी असताना घट्ट. तीस-चाळीस वर्षं रोज उघडून साफ केलेल्या रायफलीत तिथं झोल येतो.

"किती झोल?" टर्नरकाकांनी विचारलं.

"हलवून बघितलं तर हाताला कळंल इतका."

मी मोबाइलवर हिशेब केला. दोन साइटमधलं अंतर साधारण साडेपाचशे मिलिमीटर. एका टोकाला एक मिलिमीटर फरक पडला तर शंभर मीटरवर गोळी किती हलेल? एक भागिले साडेपाचशे, गुणिले शंभर मीटर. अठरा सेंटिमीटर. मी दोनदा केला, कारण विश्वास बसेना. एक मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा जेमतेम थोडं जास्त. आणि अठरा सेंटिमीटर म्हणजे माझी वीत भरायला थोडी कमी.

तुम्ही म्हणाल, वीतभर चुकलं तर काय झालं. मीही तेच म्हणणार होतो. मग मला मावळ आठवलं.

९ ऑगस्ट २०११. पवना जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी एक्स्प्रेस-वेवर आले होते, बऊरजवळ. पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. मी त्या दिवशी डेस्कवर होतो. फोटो येत होते आणि आम्ही ते कापत होतो. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. त्यावर राजकारण किती झालं ते इथं उगाळत नाही. तिथं कुणाच्या हातात कोणतं शस्त्र होतं आणि कुणाचा नेम कुठं होता यावरही मी इथं काही म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्यानंतर मी पहिल्यांदा जमावावर गोळी चालवायचे नियम वाचले होते. इशारा दिल्याशिवाय नाही. हवेत नाही. आणि चालवायचीच वेळ आली तर नेम खाली, कमरेच्या खाली. मारायला नाही, थांबवायला.

आता त्या 'कमरेच्या खाली'मध्ये अठरा सेंटिमीटर मिळवा. मांडी कुठं आणि पोट कुठं.

म्हणजे कायदा लिहिताना असं गृहीत धरलेलं आहे की शिपायाच्या हातातली रायफल जिथं दाखवली जाईल तिथंच मारेल. हे गृहीत कुणी तपासतं का? मानवी हक्कांवर परिसंवाद होतात, मीही दोन-तीनदा बसलोय अशा व्यासपीठावर. झिरोइंग हा शब्द तिथं कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

मामांनी मला इथं थोडं थांबवलं, आणि ते सांगणं प्रामाणिकपणाचं आहे म्हणून सांगतो. जमाव शंभर मीटरवर नसतो. तीस-चाळीस मीटरवर असतो. तिथं साइटची चूक कमी होते, अठराची सहा-सात सेंटिमीटर होते. "तिथं बंदूक न्हाय चुकत. तिथं बोट चुकतं."

७.६२ ची गोळी सुटताना दस्ता खांद्याला जबरी लाथ मारतो. एकदा खाल्ली की पुढच्या वेळी शरीर आधीच घाबरतं. घोडा दाबायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढं येतो, बोट ओढायच्या ऐवजी झटका देतं. माणसाला स्वतःला हे कळत नाही, त्याला वाटतं आपण नेम बरोबर धरला होता. हे पकडायची एक जुनी युक्ती आहे. उस्ताद त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं खोटं, बिनदारूचं काडतूस मिसळतो. ते आलं की धडाका होत नाही, पण नळी खाली दचकताना सगळ्यांना दिसते. भल्याभल्यांची दिसते म्हणे.

औषध काय? सराव. आणि त्यातला अर्धा सराव फुकट आहे. रायफल रिकामी, दोनदा तपासून रिकामी, आणि नळीवर एक रुपया ठेवायचा. शिस्त घ्यायची, श्वास अर्धा सोडायचा, घोडा इतका हळू दाबायचा की खटका कधी पडला ते कळू नये. रुपया पडला की परत. रोज पंधरा मिनिटं. याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, कुणाच्या हस्ते उद्घाटनही लागत नाही. म्हणूनच बहुतेक होत नसावं.

उरलेल्या अर्ध्या सरावाला मात्र गोळ्या लागतात, आणि चांदमारीचं मैदान लागतं. गावाबाहेर, मागं उंच मातीचा बांध किंवा डोंगर असलेलं. हे मैदान ज्या काळी आखलं त्या काळी ते गावाबाहेर होतं. आता प्लॉटिंग कुठवर आलंय ते आपल्या सगळ्यांना दिसतं.

हे ऐकताना माझ्या डोक्यात स्वप्नील कुसाळे होता. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तिन्ही पोझिशनमध्ये ब्राँझ. ४५१.४ गुण. आपण फटाके वाजवले. वडिलांनी कर्ज काढून पोराला गोळ्या घेऊन दिल्याचं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. त्या खेळातले लोक आपल्या नळीला कोणत्या बॅचची गोळी मानवते हे तपासून त्याच बॅचचा साठा करतात. पोलिसाला ऑलिंपिकला जायचं नाहीये, मान्य. पण कागदावरचं वर्तुळ चुकलं तर पदक जातं. रस्त्यावर चुकलं तर काय जातं?

बॅचवरून मामा परत सुरू झाले, आणि हा भाग मला सगळ्यात नवा होता. गोळी म्हणजे गोळी, असं आपल्याला वाटतं. आपल्या राज्यातच खडकी आणि वरणगावला दारूगोळा कारखाने आहेत, खडकीचा तर १८६९ चा. तिथून निघणाऱ्या प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. एका लॉटवर रायफल झिरो केली आणि बंदोबस्ताला दुसऱ्या, जुन्या लॉटची काडतुसं दिली तर गोळी पडायची जागा बदलू शकते. चैत्र-वैशाखात इंदापूरच्या उन्हात गाडीच्या टपावर पेटी तापली तरी फरक पडतो, कारण गरम दारू जास्त जोर करते. मामा म्हणाले, आम्ही सरावाला सगळ्यात जुना साठा काढायचो, संपवायचा म्हणून. आणि ड्युटीला नवा. हिशेबाच्या वहीत ते बरोबरच होतं.

आणि मग साफसफाई. इथं मामांचा आवाज चढला. नळी साफ करायला दोरी असते, पुल-थ्रू. शिपायांच्या तोंडी फुलतरू. तिला चिंधी बांधून नळीतून ओढायची. सरळ ओढली तर ठीक. पण घाईत, तिरकी ओढली, रोज, वर्षानुवर्षं, तर ती दोरी नळीच्या तोंडाची कडा घासून खाते. विहिरीच्या दगडाला दोराचे काप पडतात, तसं. गोळी नळीतून बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. ती एका बाजूनं झिजली की गोळी किंचित कलते आणि पुढं तो कल वाढत जातो.

"इन्स्पेक्शनला सायेब नळीत डोळा घालून बघायचे. आरशासारखी चकचकीत. शाब्बास! आन् मला ठावं असायचं, ही चकचकीत बाई धा फुटावरचा माठ बी फोडायची न्हाय."

दहा फुटांचं ते रागाच्या भरातलं, टर्नरकाकांनी लगेच टोकलं. पण मुद्दा कळला. जी रायफल सगळ्यात जास्त घासली जाते तीच सगळ्यात आधी बिघडते, आणि कागदोपत्री तीच सगळ्यात उत्तम असते.

मी विचारलं, आजकालची पोरं विचारतात तसं, की वर दुर्बीण का नाही बसवत? मामांनी चित्रावर बोट ठेवलं. एसएलआरच्या वरचं झाकण म्हणजे सरकवून बसवलेला पातळ पत्रा. त्यावर दुर्बीण बसवली की प्रत्येक धडाक्याला पत्रा हलणार, आणि साफसफाईला काढून परत बसवला की दुर्बिणीचं जुळवलेलं सगळं गेलं. नीट पक्कं झाकण करून बसवणारे आहेत जगात, पण ते काम आणि खर्च वेगळा. "आन् ज्याला फुटाफुटावर गोळ्या जात्यात त्याला दुर्बीण दिली तर काय व्हईल? चुकल्यालं लांबून दिसंल."

लष्करानं २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२ हजार ४०० सिग रायफली मागवल्या तेव्हा पुन्हा त्याच जुन्या ७.६२ बाय ५१ च्या गोळीवर आलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. गोळी वाईट नव्हतीच कधी, म्हणाले. उलट पोलिसासाठी ती जास्तच आहे. एका माणसात थांबत नाही, मागच्यात जाते. म्हणून तर नेम पाहिजे.

या सगळ्यात एक तरुण पोरगा कोपऱ्यात बसून होता. मामांचा नातू. भरतीची तयारी करताना पहाटे चारला कॅनॉलवर पळायचा, तेव्हा मी त्याच्यावर छोटी बातमी केली होती. दुसऱ्या प्रयत्नात लागला. प्रशिक्षण संपून नुकताच ड्युटीवर गेलाय, सुट्टीला आला होता. मी त्याला विचारलं, ट्रेनिंग सोडून त्यानंतर किती गोळ्या मारल्यास?

तो आबांकडं बघायला लागला. मग म्हणाला, "काका, छापू नका हं." मी नाही म्हणालो. आकडा मी लिहीत नाही, शब्द दिलाय. एवढंच सांगतो की मोजायला त्याला दुसरा हात लागला नाही.

"आणि त्या रायफलीचा ग्रुप कसा होता?"

"चांगला होता काका. पण ती आता दुसऱ्याकडंय."

तर मी आता काय केलंय ते सांगतो, कारण नुसती पोस्ट टाकून मोकळं व्हायची आपल्याला सवय लागलीय. माहिती अधिकारात अर्ज केलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, रीतसर. शस्त्रं किती, कुठं ठेवली, कुठल्या बंदोबस्ताला किती, यातलं काही विचारलेलं नाही. ते गोपनीय असायलाच हवं. मी विचारलंय: गेल्या तीन वर्षांत प्रत्येक कर्मचाऱ्याला सरासरी सरावाच्या किती गोळ्या मिळाल्या? वर्षातून किती दिवस सराव झाला? माणूस आणि बट नंबर यांची जोडी ठेवायची नोंदवही ठेवली जाते का? झिरोइंगची नोंद होते का, आणि शेवटची कधीची? पाचवा प्रश्न मामांनी घालायला लावला: नळ्यांची झीज गेज लावून शेवटची कधी तपासली, नळीच्या तोंडासकट?

मामांचा अंदाज, 'सुरक्षेच्या कारणास्तव' असं एका ओळीचं उत्तर येईल. आलं तर अपिलात जाईन. त्यात सुरक्षा कुणाची, एवढं तरी विचारता येईल. तीस दिवसांची मुदत आहे, जे काही येईल ते इथंच टाकतो.

या पोस्टवर पोलिसांना शिव्या घालणाऱ्या कमेंट येतील, त्या मी काढणार आहे. त्या पोराला शिव्या घालून काही होत नाही. त्याला साडेचार किलोचं लोखंड देऊन उन्हात उभं केलंय आणि ते लोखंड कुठं मारतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी त्याला एसटीला सोडायला भिगवणला गेलो, मामाही आले गाडीत मागं बसून. कुठंतरी मोर्चा होता, सुट्टी कापून बोलावलं होतं. बस लागली. तो पाया पडला. मामांनी त्याचा खांदा धरून विचारलं, "बट नंबर कंचा हाय रं उद्याचा?"

"गेल्यावर कळंल आबा," तो म्हणाला आणि चढला.